कौल

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाले की हिंडलगा, सुळगा मागे टाकून उचगावचा फाटा लागतो. मंगळवारी आणि शुक्रवारी या फाट्यावर एरवीपेक्षा अधिक माणसे उतरतात. मळेकरणी देवीकडे जाणाऱ्या या मंडळींत कोणी नवस बोलायला आलेले असते, कोणी फेडायला. आणि कोण कशासाठी आले आहे हे नुसत्या चालीवरून ओळखता येते, असे आमच्या लहानपणी गावातल्या वडीलधाऱ्या बायका म्हणत. फेडायला आलेली माणसे मोठमोठ्याने बोलत जातात. बोलायला आलेली जोडपी एकमेकांशीदेखील फारसे बोलत नाहीत.

आमचे घराणे चार पिढ्यांपूर्वी घाटाखालून इकडे येऊन स्थिरावले. भाताची जमीन इथली, देवी इथली. पण येताना कौलाची रीत मात्र आम्ही बरोबर घेऊन आलो. देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणे घालायचे आणि कोणत्या बाजूची पाकळी आधी खाली येते ते पाहायचे. नवस आणि कौल यांत एक भेद आहे, त्याकडे सहसा आपले लक्ष जात नाही. नवसात माणूस काही मागतो आणि त्याच्या बदल्यात काही द्यायचे कबूल करतो. म्हणजे काय हवे हे त्याने आधीच ठरवलेले असते. कौलात तो ठरवण्याचेच काम दुसऱ्यावर सोपवतो. जमीन घ्यावी की नाही, मुलगी अमुक घरी द्यावी की नाही, यासाठी आमच्या आजोबांनी कौल लावले होते, आणि त्यांतल्या एका कौलाने घेतलेल्या शेतातले अन्न आम्ही आजही खातो. तेव्हा या रीतीची टिंगल करण्याचा अधिकार आम्हाला नाही. मात्र अलीकडच्या काही वर्षांत आमच्याच घरात एक निर्णय असा आला की त्यासाठी प्रत्येकजण कुठून ना कुठून कौल आणू लागला, आणि ज्या व्यक्तीच्या देहावर तो निर्णय उमटणार होता तिला मात्र कोणी विचारले नाही. कोणी विचारले नाही असे म्हणताना आम्ही स्वतःला त्यातून वगळत नाही.

आमच्या पुतण्याचे लग्न होऊन सहा वर्षे झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. पहिली दीड वर्षे सुनेच्याच तपासण्या झाल्या. रक्ताच्या, सोनोग्राफीच्या, नळ्या मोकळ्या आहेत का हे पाहणाऱ्या. पुतण्याची तपासणी, जी सर्वांत सोपी आणि सर्वांत स्वस्त, ती अखेरीस झाली आणि दोष तिथे निघाला. यात नवलाचे काही नाही. मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडच्या कारणांचा वाटा असतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा ही अडचण येते. पण आपल्या भाषेत 'वांझ' हा शब्द बाईला आहे, गाईला आहे, झाडालाही आहे, पुरुषाला नाही. 'निपुत्रिक' म्हटले की त्याला काहीतरी मिळाले नाही एवढेच सुचते. ज्या दोषाला शब्दच नाही तो तपासायला दीड वर्ष लागले, यात भाषेचाही थोडा अपराध असावा.

पुढचा मार्ग आयव्हीएफचा. दोष पुतण्याचा असला तरी इंजेक्शने सुनेलाच घ्यायची होती. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन, मधूनमधून सोनोग्राफी, मग ठरावीक वेळी शेवटचे इंजेक्शन आणि त्यानंतर सुमारे छत्तीस तासांनी भूल देऊन स्त्रीबीजे काढणे. प्रयोगशाळेत गर्भ तयार होतो, त्याचे रोपण होते, आणि मग सुमारे दोन आठवडे वाट पाहणे. पहिल्या खेपेस काहीच लागले नाही. गोठवून ठेवलेल्यांपैकी एक गर्भ घेऊन दुसरी खेप झाली. तिला दिवस गेले आणि आठव्या आठवड्यात गेले तेही. आणखी दोन गर्भ त्या केंद्रात गोठवलेले राहिले.

या दोन्ही खेपांच्या वेळी आमचे घर म्हणजे कौलांचे देऊळ झाले होते. वहिनींनी तिला पलंगावरून उठू दिले नाही. शेजारणीने पपई घरातून बाहेर काढली. कोणी सांगे, मळमळते आहे ना, मग काम झाले. कोणी तिच्या चेहऱ्याचे तेज पाही. आम्ही निवृत्त शिक्षक, त्यामुळे आमचा कौल कागदी: तिच्या सगळ्या अहवालांची एक फाईल करून, तारीखवार टिपणे काढून, कोणता आकडा वर गेला नि कोणता खाली आला याचा आम्ही तक्ता केला होता. तो तक्ता तिला कधी दाखवला नव्हता. पुतण्याला मात्र दाखवत होतो.

त्या दोन आठवड्यांतील एक गोष्ट आम्हाला नंतर कळली, आणि ती कळल्यावर आमच्या विचाराला वेगळी दिशा मिळाली. रोपणानंतर स्त्रीला प्रोजेस्टेरॉन दिले जाते. त्याने छाती भरून येते, पोट जड वाटते, कधी झोप येते. म्हणजे दिवस गेल्यावर जे जे होते त्यातले बरेचसे त्या औषधानेच होते. त्यामुळे आपल्याच देहाची साक्ष त्या दिवसांत विश्वासार्ह राहत नाही. 'मला आतून वाटते आहे' हा उद्गार कितीही कळकळीचा असला तरी त्याला रक्ताच्या तपासणीपुढे किंमत नाही. पलंगावर निजून राहण्याचेही तसेच. रोपणानंतर विश्रांती घेतल्याने गर्भ रुजण्याची शक्यता वाढते असे संशोधनात दिसलेले नाही, उलट तसा सल्ला देऊ नये असेच तज्ज्ञांच्या संस्था सांगतात. तेव्हा स्वतःच्या बुद्धीवर विश्वास ठेवा, हे वाक्य जितके सोपे वाटते तितके ते नाही. आतला आवाज काही ठिकाणी निव्वळ औषधाचा आवाज असतो.

मग मनाचे काय? आमच्या घरात सर्वाधिक वेळा उच्चारलेला उपदेश 'मन प्रसन्न ठेव' हा होता. तो प्रेमाने केला जाई. पण दुसऱ्या खेपेनंतर सून एकदा आमच्या सौभाग्यवतींना म्हणाली, "काकू, त्या दिवशी मी रडले होते. त्यामुळे तर नसेल ना झाले?" हा प्रश्न ऐकल्यावर प्रेमाच्या उपदेशाच्या पोटात काय दडलेले होते ते आमच्या ध्यानात आले. प्रसन्न मनाने गर्भ राहतो असे एकदा मानले की गेलेल्या गर्भाचा जाब खिन्न मनाला द्यावा लागतो. या प्रश्नाचा अभ्यास झालेला आहे. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये चौदा अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत ३,५८३ स्त्रिया होत्या. उपचारापूर्वीची चिंता वा खिन्नता आणि त्या खेपेचे यशापयश यांचा संबंध त्यात आढळला नाही. आम्ही हे तिला सांगितले तेव्हा ती काही बोलली नाही, पण त्या रात्री घरात पुष्कळ दिवसांनी रेडिओ लागला. मन प्रसन्न ठेवायचे ते जगणे सुसह्य व्हावे म्हणून. गर्भाशी त्याचा सौदा करू नये.

येथवर वाचून कोणी म्हणेल की देहाची साक्ष खोटी, मनाचा प्रभाव नाही, मग उरते काय? डॉक्टरांचे ऐकावे आणि गप्प बसावे. आमचेही काही काळ असेच मत होते. ते बदलले दुसऱ्या खेपेनंतर तीन महिन्यांनी.

शहरातल्या त्या केंद्रातून विचारणा झाली होती. दोन गर्भ शिल्लक आहेत, पुढची खेप कधी घ्यायची. घरात बैठक बसली. आम्ही तक्ता घेऊन बसलो. बहुतेकांचे म्हणणे एकच: ते दोन आहेतच, इतका खर्च झालाच आहे, आता थांबायचे कसे? पुतण्या खाली मान घालून बसला होता. सगळ्यांचे बोलून झाल्यावर सून म्हणाली, "तात्या, मी दमले आहे. आत्ता नाही." आणि आम्ही, आयुष्यभर मुलांना विचार करायला शिकवले असा अभिमान बाळगणारे, तिला म्हणालो, "पोरी, दमल्यावर निर्णय घेऊ नये."

हे वाक्य आम्ही त्यानंतर पुष्कळदा मनात उलटसुलट करून पाहिले. त्यात तथ्य नाही असे नाही. दुःखाच्या भरात माणूस जमीन विकतो, भावाशी वैर धरतो, आणि मग पस्तावतो. पण तिचे दमणे आम्ही निर्णयातला अडथळा समजलो. ते निर्णयाचे कारण असू शकते हे आम्हाला सुचले नाही. रक्तातल्या संप्रेरकाची पातळी ही जशी वस्तुस्थिती, तसेच एका माणसात किती सोसण्याचे बळ उरले आहे हीदेखील वस्तुस्थितीच. फरक इतकाच की ती मोजायला प्रयोगशाळा नाही, आणि तिचा साक्षीदार एकच आहे. गर्भ रुजला की नाही याविषयी त्या साक्षीदाराचे 'आतून वाटणे' निरुपयोगी. पण आणखी किती, केव्हा, कोणत्या किमतीवर, याविषयी दुसऱ्या कोणाची साक्ष घेताच येत नाही. डॉक्टर शक्यता सांगू शकतात. आम्ही तक्ते करू शकतो. शक्यतेसाठी काय मोजायचे हे तक्त्यात नसते.

आणि शक्यता तरी नीट विचारून घेतली पाहिजे. 'आमच्याकडे इतके टक्के यश' असे कोणी सांगितले की विचारावे: यश म्हणजे तपासणीचा होकार की मांडीवर मूल? कोणत्या वयाच्या स्त्रियांत? सुरू केलेल्या दर खेपेमागे की रोपणापर्यंत पोचलेल्यांमागेच? ब्रिटनमध्ये सरकारी नियामक संस्था हे आकडे प्रसिद्ध करते; तिथेदेखील पस्तिशीच्या आतल्या स्त्रियांत रोपण केलेल्या दर गर्भामागे मूल जन्मण्याचे प्रमाण सुमारे एकतृतीयांश आहे, आणि चाळिशीनंतर ते झपाट्याने उतरते. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या आम्हाला हे समजायला अवघड जाऊ नये. बियाणे निवडणे, रोपलावणीचा दिवस ठरवणे हे आपल्या हातचे. पाऊस कोसळून रोपे वाहून गेली तर लावणीचा निर्णय चुकला होता असे त्यावरून ठरत नाही. तरी माणसांच्या बाबतीत आपण निकालावरूनच निर्णय जोखतो.

म्हणून निपाणीकडच्या आमच्या परिचयातल्या एका बाईंची हकीकत अर्धीच सांगतो. चार खेपा निष्फळ झाल्यावर घरचे, दारचे, अगदी तिचे डॉक्टरही म्हणाले, आता पुरे. ती म्हणाली, मला आणखी एकदा जायचे आहे, का ते मला ठाऊक आहे आणि काय होण्याची शक्यता आहे तेही ठाऊक आहे. पाटल्या मोडून ती पाचव्यांदा गेली. पुढे काय झाले ते आम्ही मुद्दाम सांगत नाही. कारण ते सांगितले की वाचक तिला शहाणी किंवा वेडी ठरवून मोकळे होतील. आमच्या मते पाटल्या मोडल्या त्या दिवशी तिने जे केले ते जाणून, मोजून, कोणाच्या रेट्याखाली न येता केले होते, आणि तिला शहाणी म्हणायला एवढे पुरेसे आहे. आमच्या सुनेने थांबणे आणि त्या बाईंनी न थांबणे या दोन्हींना आम्ही एकाच मापाने मोजू इच्छितो.

या मापाला कायद्याचाही आधार आहे, हे आम्हाला उशिरा समजले. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा नियमन कायदा २०२१ साली संसदेने केला आणि जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला. उपचारापूर्वी यशाची शक्यता, खर्च, तोटे, धोके हे सगळे जोडप्याला समजावून सांगणे त्यात केंद्रांवर बंधनकारक आहे. लेखी संमतीवाचून काही करता येत नाही. आणि दिलेली संमती गर्भाशयात रोपण होईपर्यंत केव्हाही परत घेता येते. कायद्याने पैसे भरल्यानंतरही मन बदलण्याला जागा ठेवली. आमच्या बैठकीत ती नव्हती.

जाणत्यांच्या समित्यांचे काय होते याचेही उदाहरण याच शास्त्राच्या इतिहासात आहे. इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. त्यानंतर सत्तर दिवसांच्या आत, ३ ऑक्टोबरला, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने दुसरे. सरकारने नेमलेल्या समितीने त्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवला नाही. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेली मुलगी भारतातली पहिली म्हणून नोंदली गेली. पण त्या यशात सहभागी असलेले शास्त्रज्ञ डॉ. आनंदकुमार यांनीच पुढे मुखोपाध्यायांची टिपणे अभ्यासून तो मान त्यांचा असल्याचे १९९७ साली जाहीर केले. असा मोठेपणा विरळा.

मराठीत या विषयावर सर्वांत निर्भयपणे लिहिले ते र. धों. कर्व्यांनी. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवले, खटले अंगावर घेतले. त्यांचा झगडा मूल नको असणाऱ्यांच्या बाजूचा, आणि आपला आजचा विषय मूल हवे असणाऱ्यांचा; तरी मूळ मुद्दा एकच आहे. मूल केव्हा, किती, आणि व्हावे की नाही, हे जिच्या देहात ते वाढायचे तिच्यावाचून ठरू नये. कर्व्यांना विरोध करणाऱ्या आजोबांच्या पिढीला आपण आज नावे ठेवतो. आम्ही तक्ता घेऊन बसलो होतो तेव्हा त्या आजोबांपासून फार दूर नव्हतो.

याहून जुना दाखला महाभारतात आहे. पांडूच्या सांगण्यावरून कुंतीने तीनदा देवांना पाचारण केले. अर्जुन झाल्यावर पांडूला आणखी हवा झाला. कुंतीने नकार दिला. तिने दिलेले कारण त्या काळच्या धर्मकल्पनेतले आहे, ते आज आपण देणार नाही. पण मंत्र तिच्यापाशी होता, फळाची खात्री होती, नवरा राजा होता, आणि तरी ती थांबली. कीर्तनांतून आम्ही कुंती पुष्कळ ऐकली. हा नकार कोणी रंगवून सांगितलेला आठवत नाही.

आमच्याकडे एक वंशावळ आहे, कोकणातून आणलेली, पुढे वाढवत नेलेली. तिच्यात फक्त पुरुषांची नावे आहेत, आणि दोन ठिकाणी 'दत्तक' असे लिहिलेले आहे. म्हणजे ज्या वंशाच्या अखंडतेसाठी आम्ही बैठक बसवली, तो दोनदा मायेने जोडून घेतलेला आहे. या मुलुखाला दत्तकाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. १८२४ साली कित्तूरचा दत्तक कंपनी सरकारने नाकारला त्यावरून युद्ध पेटले. आणि इथून जवळच्या कागलच्या घाटग्यांचा मुलगा १८८४ साली कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेला, तो राजर्षी शाहू म्हणून आपल्याला वंद्य झाला. हे सारे आम्हाला आठवले आणि आम्ही लगेच सुनेला दत्तकाविषयी सांगायला निघालो. आमच्या सौभाग्यवतींनी दारातच अडवले. "तिने विचारलंय का?" एवढेच त्या म्हणाल्या. चांगला सल्लादेखील न मागता दिला की रेटाच होतो, हे आम्हाला पुन्हा एकदा शिकावे लागले.

या लेखात आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणतो ती लेखनाची जुनी रीत. परंतु घरातही आम्ही 'आम्ही'च म्हणत होतो: आम्ही ठरवले, आम्हाला नातवंड हवे, आम्ही तिसरी खेप घेणार. सीमाभागातल्या माणसाला तरी हे खुपायला हवे होते. १९५६ साली आपल्याविषयीचा निर्णय आपल्याला न विचारता झाला, म्हणून आपण दरवर्षी नोव्हेंबरच्या एक तारखेला काळा दिन पाळतो.

सून थांबली. कायमची की तात्पुरती, हे तिने सांगितलेले नाही. ते दोन गर्भ अजून त्या केंद्रात आहेत. कायद्याने ते जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येतात. दरवर्षी त्यांच्या देखभालीची रक्कम भरायचे पत्र घरी येते. पहिल्या वर्षी ते आम्ही उघडले होते, फाईलला लावले होते, आणि जेवताना त्याचा विषय काढला होता. यंदाचे पत्र गेल्या शुक्रवारी आले. पोस्टमनने ते आमच्याच हाती दिले. सून भात कांडपाच्या गिरणीवर गेली होती. आम्ही ते न उघडता तिच्या टेबलावर, तिच्या चष्म्याखाली ठेवले, आणि फाईलही शेजारी ठेवून दिली, तक्त्यासकट.